गाडीतल्या मुंग्यांकडे दुर्लक्ष नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.
पावसाळ्यात आमची गाडी पंधरा दिवस राजारामपुरीत झाडाखाली उभी होती, डिकीत गुळाची ढेप तशीच राहिलेली, आणि एका सकाळी हॉर्नच वाजेना. एका गॅरेजवाल्यानं न उघडताच वायरिंग बदलायला सांगितलं, खर्च ऐकून घरचे हबकलेच. शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी रिले, म्हणजे हॉर्नला करंट सोडणारा छोटा स्विच, उघडून दाखवला, आत मेलेल्या मुंग्यांचा थर! रिलेचे दोन पॉइंट एकमेकांना टेकले तरच करंट जातो, मधे मुंग्या चिरडून बसल्या की संपलं. आणि शॉक बसलेल्या मुंगीच्या अंगातून जो वास सुटतो ना त्यानं बाकीच्या अजून तिथंच येतात, म्हणून रांगच लागते.

हे फक्त आपल्याकडंच नाही. 2011 मध्ये माझदा या जपानी गाडी कंपनीनं अमेरिकेत 50 हजारांवर गाड्या परत बोलावल्या, कारण कोळी पेट्रोल टाकीच्या हवेच्या नळीत जाळं विणत होते.

गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती, आधी फ्यूज बॉक्स आणि रिले उघडून बघा, मगच वायरिंगचं बिल सांगा. आणि गूळ, बिस्किटं गाडीत ठेवू नका हो.

– एक वाचक, कोल्हापूर