रकाने बदला, ताण कमी होईल

विद्यापीठीय संशोधकांच्या मानसिक ताणावरील अग्रलेख वाचला. समुपदेशन केंद्रे वाढवण्याचा त्यातील उपाय म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! ताणाचे मूळ बढतीच्या अर्जात आहे. तिथे शोधनिबंधांची संख्या आणि नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (त्यातील निबंधांचे दाखले सरासरी किती वेळा दिले जातात, तो आकडा) यांना रकाने असतात; विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे प्रकरण तिसऱ्यांदा तपासून देणाऱ्या मार्गदर्शकाच्या वेळेला मात्र नसतो. व्यक्तीचे मूल्यमापन इम्पॅक्ट फॅक्टरच्या आकड्यावरून करू नये, असे २०१२ मध्ये आखलेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणूक व बढतीतून हा आकडा वगळण्याचे जाहीर केले. (त्या देशातल्या काही प्राध्यापकांनी विरोधही केला, तो व्हायचाच.) इतर विद्यापीठांनी निदान अर्जाचा नमुना तरी बदलावा.

– एक निवृत्त प्राध्यापक