'कोण करतं?' विचारणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

गोव्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरवाल्या मावशींवरचा माझा लेख छापून आला, तुम्ही वाचला असणारच, पण त्यात तुमचं नाव कुठेच नाही आणि तो जेवढा माझा तेवढाच तुमचाही आहे, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

शनिवारी दुपारी वाचनालयात तुम्ही वाक्यरचना शिकवायला घेतलीत तेव्हा कर्ता-कर्म-क्रियापद आता परत कशाला, असं अर्ध्या वर्गाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तुम्ही फळ्यावर लिहिलंत, 'मिठागरात भरतीचे पाणी घेण्यात येते व ते सुकल्यावर मीठ गोळा करण्यात येते.' आणि एवढंच विचारलंत, कोण करतं? कोणालाच सांगता येईना, कारण वाक्यात माणूसच नव्हता! व्याकरणात ते चूक आहे असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत, ऑफिसच्या नोटिशीत तसंच लिहितात, पण जी बाई जन्मभर उन्हात उभी राहिली तिच्याच गोष्टीतून ती गायब झाली तर लिहायचं कोणासाठी? तुम्ही ते परत लिहिलंत, 'तो भरतीचं पाणी आत घेतो, ती तापलेल्या वाफ्यात उतरून मीठ ओढते, पोरं पाट्या भरतात.' तीन माणसं उभी राहिली एकदम. माझ्यासाठी सगळं तिथेच सुरू झालं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये किती सामान भरलंय ते बघत जा, जाऊन-करून-घेऊन तिसऱ्यांदा आलं की वाक्य तोड, हे पण तुमचंच. आणि तरीही मावशी एका दमात बोलतात तिथे वाक्य लांबच ठेव, तो त्यांचा श्वास आहे, असंही तुम्हीच सांगितलंत.

मुलाखतीचं तर काय सांगू. आधी सगळं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवून काढ, मग माझे प्रश्न झाकून वाच, जे उत्तर प्रश्नाशिवाय उभं राहत नाही तिथे निवेदनाचं एक वाक्य घाल, बाकी प्रश्न जाऊ दे. मावशींनी सांगितलं त्याच क्रमाने लिहायची गरज नाही हे कळल्यावर केवढं मोकळं वाटलं! 'हांव ल्हान आसतना आवयवांगडा येतालें' (मी लहान असताना आईबरोबर यायचे) हे त्या अगदी शेवटी बोलल्या, मी ते सुरुवातीला घेतलं, कोकणीतच ठेवलं, आणि लगेच पाणी, बांध, मीठ सगळं त्यांच्या आईच्या मागोमाग येत गेलं.

सालांचंही तसंच. मावशी साल सांगत नाहीत, फूल आणि दोन पानांच्या वेळी असं म्हणतात. जुन्या लोकांना लगेच कळतं, माझ्या वयाच्या मुलांना नाही. तुम्ही म्हणालात, त्यांचा शब्द हलवू नको, शेजारी तुझं अर्धं वाक्य ठेव: गोव्यातला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. बस्स, पूर्ण इतिहास तिथे नको.

आणि रेकॉर्डर बंद झाल्यावर चहा पिताना सांगितलेलं वापरायचं असेल तर परत विचारायचं, हा तुमचा नियम मला सगळ्यात मोठा वाटतो. मी विचारलं. एक गोष्ट त्यांनी घालू दिली, एक नको म्हणाल्या, ती नाही घातली. मग पूर्ण लेख वाचून दाखवला, मावशी मध्ये मध्ये 'हय, हय' करत होत्या.

तुम्ही फी घेतली नाहीत, आमच्या वह्या घरी नेऊन तपासल्यात, त्याबद्दल किती आभार मानू? आता काजूचा सीझन आला की सत्तरी तालुक्यात एका भट्टीवर जायचंय, तिथल्या काकांनी हो म्हटलंय. उतरवून झालं की आधी तुम्हालाच पाठवते, लाल पेन घेऊन बसा.

तुमची विद्यार्थिनी,
पेडणे