मार्लीच्या पोटाला पडलेला पीळ

संपादक महोदय,

‘मार्ली अँड मी’ हा २००८ चा इंग्रजी सिनेमा अजूनही सुट्टीत घरोघरी लागतो आणि शेवटी शेवटी अख्खे घर मुसमुसत असते. रडू यावे असाच तो आहे. पण त्या लॅब्रेडॉरला नेमके काय झाले, असे विचारले तर बहुतेक जण ‘म्हातारा झाला होता ना’ एवढेच सांगतात. म्हातारा तो होताच. मात्र त्याच्या जिवावर बेतते ते जठराला पडलेल्या पिळामुळे. पशुवैद्यक याला ‘जीडीव्ही’ म्हणतात, बोलताना ‘ब्लोट’. मुंबईत लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन सांभाळणाऱ्या घरांनी तरी तो प्रसंग डोळे पुसून सोडून देऊ नये, म्हणून हे पत्र.

जठरात वायू साठतो, ते फुगते आणि स्वतःभोवती फिरते. फिरले की अन्ननलिकेकडचे आणि आतड्याकडचे अशी दोन्ही तोंडे आवळली जातात. वायूला ना वर वाट, ना खाली. फुगलेले जठर पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि कुत्रा शॉकमध्ये जातो. प्लीहाही सोबत ओढली जाते. जठराची भिंत रक्तावाचून काळी पडू लागली, की शस्त्रक्रिया करूनही हाती लागेलच असे नाही. हे सारे काही तासांत घडते.

सर्वांत बोलकी खूण म्हणजे कोरडे उमासे. कुत्रा पुन्हा पुन्हा ओकायला बघतो, पण फेसाळ लाळेपलीकडे काही पडत नाही. एका जागी बसवत नाही, मान वळवून पोटाकडे पाहत राहतो. बरगड्यांमागे पोट टणक लागते, टिचकी मारली तर डग्ग्यासारखे वाजते. खोल छातीच्या कुत्र्यात हा फुगवटा बरगड्यांआड लपतो, तेव्हा पोट दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबून सोडावी. गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला नाही, किंवा हिरडी मुळातच पांढुरकी दिसली, तर घड्याळाकडे न बघता निघावे.

नेमकी इथेच चूक होते. अपचन समजून ओव्याचे पाणी, हिंग, ईनो असे काहीबाही पाजले जाते. खाली जायला वाटच नसल्याने ते घशाशी अडते, श्वासनलिकेत उतरू शकते. ईनो तर स्वतःच वायू तयार करते. पोट चोळण्यानेही पीळ सुटत नाही. आणि ‘सकाळी बघू’ हे दोन शब्द तर कुत्र्याच्या जिवावरच उठतात.

तीस किलोचे जनावर रात्री दोन वाजता चौथ्या मजल्यावरून उतरवायचे म्हणजे जाड सतरंजी हवी आणि तिची टोके धरायला चार हात. रिक्षा-टॅक्सीवाला नाही म्हणू शकतो, त्यामुळे इमारतीत कोणाची गाडी मिळेल ते आधीच विचारून ठेवलेले बरे. दवाखान्याला निघण्यापूर्वी फोन करून दोनच प्रश्न विचारावेत: आत्ता एक्स-रे निघेल का, आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर येतील का? परळचे बैलघोडा हॉस्पिटल मुंबईकरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण दहिसर-मुलुंडहून तिथवर पोचायला वेळ लागतो. जवळच्या पशुवैद्यकाने सलाइन लावून, नळीने किंवा जाड सुईने वायू काढून दिला तरी पुढच्या प्रवासापुरती उसंत मिळते.

सिनेमातला मार्ली पहिल्या झटक्यातून वाचतो, दुसऱ्यातून नाही. ही केवळ पटकथेची गरज नव्हे. पीळ नुसता सोडवला आणि जठर जागेवर शिवले नाही, तर तो पुन्हा पडण्याचा धोका मोठा असतो. म्हणून शस्त्रक्रियेत जठर उजव्या बाजूच्या पोटाच्या भिंतीला टाचतात. याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. फार वयस्कर कुत्र्याला ही शस्त्रक्रिया झेपेल का, हा प्रश्न उरतोच. पण ग्रेट डेनसारख्या जातीत नसबंदीच्या वेळीच हा टाका घालून घेता येतो, हे पाळणाऱ्यांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. रोजच्या सवयींत एवढे सांभाळावे: दिवसाचे जेवण एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे, हावरट कुत्र्याला खाचाखोचांचे भांडे घ्यावे, जेवल्यावर तासभर पळापळ नको. भांडे उंच स्टँडवर ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मोठ्या जातींवरच्या एका अमेरिकी अभ्यासात त्याने धोका उलट वाढलेला दिसला होता.

आता मुलांविषयी. असा सिनेमा मोठ्यांनी आधी एकदा पाहून घ्यावा. पण शेवट आला की टीव्ही बंद करू नये. अर्धवट राहिलेली गोष्ट मूल मनात अधिक भयंकर करून पुरी करते. अनेक घरांत म्हणतात, ‘डॉक्टरांनी त्याला झोपवले.’ चार-पाच वर्षांचे मूल हे शब्दशः घेते आणि रात्री डोळे मिटायला घाबरते. ‘तो मेला, आता त्याला दुखत नाही, तो परत येणार नाही,’ असे साध्या शब्दांत सांगावे. मार्लीसारखे दयामरण देताना पडद्यावर न दिसणारे जे घडते, तेही मोठ्या मुलांना ठाऊक असू द्यावे. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची फार मोठी मात्रा. एक-दोन मिनिटांत श्वास थांबतो. डोळे बहुधा उघडेच राहतात, लघवी होते, कधी एखादा आचका येतो. तो वेदनेचा नसतो. पुढच्या व्यवस्थेसाठी मालाडला महापालिकेची प्राण्यांची दहनभट्टी २०२३ पासून आहे. मुंबईच्या दमट हवेत फार वेळ नसतो. अंग ताठरण्याआधी पाय दुमडून, खाली प्लास्टिक घालून चादरीत गुंडाळावे आणि बर्फाच्या पिशव्या लावून ठेवावे.

आपल्या दैनिकाला दोन विनंत्या. सुट्टीत मुलांसाठी सिनेमे सुचवताना ‘शेवटी कुत्रा मरतो’ एवढी ओळ सोबत छापावी. आणि रात्री एक्स-रे व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या प्राणी दवाखान्यांची विभागवार यादी, फोन नंबर पडताळून, वर्षातून एकदा तरी द्यावी. ती कापून फ्रिजवर चिकटवता येईल.

– एक पशुवैद्यक, माहीम