उपरोधाला खिल्ली म्हणू नये

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या गावी, देवगड तालुक्यात, एक प्रसंग घडला. सड्यावरून, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरून, वाडीत उतरणाऱ्या रस्त्याचा विषय निघाला, तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक बागायतदार उठले आणि समोर बसलेल्या अभियंत्यांना हात जोडून म्हणाले, ‘सायब, रस्तो मात्र बरो केल्यात हां. आता गुरांका पाण्यावर न्हेवक लागणा नाय, रस्त्यारच पितत.’ सभेत हशा पिकला, अभियंतेही हसले आणि गणपतीआधी खड्डे बुजवण्याचे त्यांनी कबूल केले. दोन दिवसांनी एका वृत्तपत्रात बातमी आली, तिचे शीर्षक होते ‘ग्रामस्थांनी उडवली अभियंत्याची खिल्ली’. आजोबांचे मूळ वाक्य बातमीत कुठेच नव्हते. अभियंते दुखावले, आणि ‘मी कोणाची खिल्ली उडवूक नाय’ असे आजोबांना दारोदार सांगत फिरावे लागले. तीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला हे पाहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आजोबांनी केला तो उपरोध होता. त्यांच्या वाक्यात निंदेचा एक शब्दही नाही. आहे ती स्तुती, आणि ती ज्या वस्तुस्थितीवर टेकलेली आहे तीच स्तुतीचा अर्थ उलटा करते. आपल्या अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात. धक्के मारून हाकलून दिलेला माणूस ‘आपण मला अर्धचंद्र दिलात, केवढी ही कृपा’ असे म्हणतो, तेव्हा तो हेच करत असतो. खिल्ली उडवणाऱ्याला समोरचा माणूस लहान झालेला हवा असतो, तर उपरोध करणाऱ्याला समोरच्याने आपली चूक पाहावी असे वाटते, आणि त्यासाठी तो त्याची अब्रू राखून बोलतो. संस्कृतात ‘उपरोध’ म्हणजे अडथळा किंवा वेढा; मराठीत त्याला आजचा अर्थ मिळाला तो मला फार सार्थ वाटतो, कारण चांगल्या उपरोधाने ऐकणारा कोंडीत सापडतो, स्तुती नाकारता येत नाही आणि स्वीकारताही येत नाही. त्या दिवशी अभियंत्यांनी कबुली दिली ती या कोंडीमुळे. त्यांची खिल्ली उडवली गेली असती तर ते चिडून निघून गेले असते.

मराठीत या प्रकारच्या बोलण्याला किती शब्द आहेत, आणि ते किती नेमकेपणाने एकमेकांपासून वेगळे ठेवलेले आहेत, हे वार्ताहरांनी एकदा सावकाश पाहावे अशी माझी विनंती आहे. त्यांतले बरेचसे शब्द हाताने करण्याच्या क्रियांवरून आलेले आहेत आणि किती लागावे याचे माप त्या क्रियेतच दिलेले आहे. कोपरखळी शेजारी बसलेल्या माणसालाच मारता येते, म्हणून तिच्यात जवळीक गृहीत आहे. चिमटा क्षणभर झोंबतो आणि विसरला जातो. कानपिचकी देण्याचा अधिकार वयाने किंवा मानाने वडील असलेल्याला असतो. पुतण्या काकांना कानपिचकी देत नाही. टोला लांबून आणि सर्वांसमोर बसतो, तर चपराक बसल्यावर उत्तर देण्याची सोय उरत नाही. टोमण्याचा घाव मात्र वेगळा, तो बहुधा घरातला आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी बसणारा असतो. शालजोडीतला म्हणजे शालीत गुंडाळून मारलेला जोडा, ज्यात देणाऱ्याची सभ्यता शेवटपर्यंत शाबूत राहते. असे असताना आजच्या बातम्यांत पुढाऱ्यांचे प्रत्येक वाक्य ‘खोचक टोला’ ठरते, मग ते मायेने केलेले विधान असो वा उघड शिवीगाळ.

थट्टा आणि मस्करी यांत दोन्ही बाजू हसतात. टवाळी आणि टिंगल यांत एकच बाजू हसते, आणि बहुधा ती संख्येने मोठी असते. कुचेष्टेत हेतूच वाईट असतो. ‘चेष्टा’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ नुसती हालचाल किंवा प्रयत्न, मराठीने त्याला थट्टेचा अर्थ दिला आणि आधी ‘कु’ लावून द्वेषाने केलेली थट्टा वेगळी काढली. कोकणी माणसाच्या माथी मारला जाणारा ‘खवचट’ हा शब्दही वापरताना जपावा, कारण तो बोलण्यापेक्षा स्वभावाला चिकटतो आणि कानाला त्याच्या शेजारी खवट खोबऱ्याची आठवण होते. एका वाक्यावरून माणसाला खवचट ठरवणे अन्यायाचे आहे.

हेटाळणीविषयी मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. हेटाळणी नेहमी वरून खाली जाते. शहरातून आलेला अधिकारी मालवणी बोलणाऱ्या बाईच्या उच्चारांची नक्कल करून सभेला हसवतो, तेव्हा ती थट्टा नसते, कारण बाईला उलट हसण्याची मुभा नसते. अशा वेळी बातमीत ‘मिश्कील शैलीत’ असे शब्द येतात, आणि आमच्या आजोबांसारखा माणूस खालून वर, आदर राखून बोलतो तेव्हा ‘खिल्ली’ येते. शिमग्यात आमच्याकडे शिव्या आणि बोंबा चालतात, कोणी राग धरत नाही, कारण तेवढे दिवस ती सूट सर्वांनाच सारखी असते. ही बरोबरी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय शब्द निवडू नये.

दुसरी तक्रार ‘विडंबना’ या शब्दाविषयी आहे. हिंदीत हा शब्द दैवाच्या किंवा परिस्थितीच्या विचित्र उलटेपणासाठी वापरतात, आणि तिथे तो योग्यच आहे. मराठीत त्याच मुळापासून दोन शब्द रूढ आहेत: ‘विडंबन’ म्हणजे एखाद्या रचनेची किंवा शैलीची हसवणारी नक्कल, आणि ‘विटंबना’ म्हणजे घोर अप्रतिष्ठा, जशी पुतळ्याची किंवा मृतदेहाची. या दोहोंच्या मध्ये तिसरा, अगदी सारखा दिसणारा शब्द आणून ठेवला की गोंधळ होतो, आणि तो निरुपद्रवी नाही. दशावतारी नाटकातले संवाद नट आयत्या वेळी रचतात. त्यात एखाद्याने गावपुढाऱ्याच्या बोलण्याचे विडंबन केले आणि छपाईत ते ‘विटंबना’ झाले, तर गावात दोन तट पडायला वेळ लागणार नाही.

दर उन्हाळ्यात हा शब्द ज्या वाक्यात हमखास येतो, तेही पाहावे: ‘धो धो पाऊस पडणाऱ्या कोकणात टँकरने पाणी, ही कसली विडंबना.’ सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो जांभ्याच्या सड्यावरून आणि तीव्र उतारावरून थोड्या वेळात खाडीला आणि समुद्राला मिळतो, जांभ्यात जे मुरते तेही लवकर झिरपून जाते, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. येथे कोणी कोणाची नक्कल केलेली नाही आणि कोणाची अप्रतिष्ठाही नाही. काही जण याला ‘दैवदुर्विलास’ म्हणतात, परंतु त्या शब्दाने सगळा भार दैवावर जातो आणि न बांधलेले बंधारे व न उपसलेल्या विहिरी विसरल्या जातात. याला सरळ ‘विसंगती’ म्हणावे; विसंगती कोणी निर्माण केली आणि कोण दूर करणार, असा प्रश्न तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतो.

अडचण मला समजते. उपरोध पुष्कळदा आवाजात असतो. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी स्वराच्या फेराने अर्थ बदलतो त्याला ‘काकू’ असे नाव दिले आणि वक्रोक्तीचा एक प्रकारच तिच्यावर बसवला. आजोबांच्या वाक्यातला तो लांबवलेला ‘हां’ कागदावर उतरत नाही. म्हणूनच माझी मागणी साधी आहे. जेथे वार्ताहराला खात्री नसेल तेथे ‘म्हणाले’ हे क्रियापद पुरेसे आहे, आणि ते वाक्य बोलणाऱ्याच्या बोलीत, जसेच्या तसे, अवतरणात छापावे. ‘खिल्ली’, ‘टवाळी’ व ‘हेटाळणी’ हे शब्द शीर्षकात घालण्यापूर्वी कोण कोणाला, कोणासमोर आणि कशासाठी बोलले हे उपसंपादकाने विचारून घ्यावे. आपल्या दैनिकाने वार्ताहरांसाठी या शब्दांचे एक पानभर टिपण तयार करायचे ठरवल्यास त्यासाठी मी आनंदाने वेळ देईन. मालवणी उदाहरणे जमवण्याचे काम आजोबांनी आधीच अंगावर घेतले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग