पाणी उतरलं, गाडीची धास्ती उतरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात पुलावरून पाणी गेल्याच्या, मार्ग बंद पडल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रात रोज येतात. गाडी वाहून गेली तर तीही बातमी होते. पण पाण्यातून निघून धडपणे घरी आलेल्या गाडीचं पुढे काय होतं आणि तिच्या मालकाची झोप का उडते, यावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचण्यात आलं नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी मारेगाव तालुक्यातला शेतकरी. आमच्या गावापासून वर्धा नदी फार लांब नाही. गाव आणि डांबरी सडक यांच्या मधात नाला आहे, नाल्यावर ठेंगणा पूल. नदीला पूर आला की नाल्याचं पाणी पुढे जात नाही, उलट नदीच आत चढते. त्या फुगवट्याच्या पाण्याला ओढ नसते, पण ते उतरायला दोन-दोन दिवस लागतात. गावात चारचाकी तीन. त्यांतली एक माझी, जुनी विकत घेतलेली डिझेल गाडी. कागदावर ती माझ्या नावाची आहे, अडीअडचणीला मात्र साऱ्या गावाची.

जुलैच्या झडीत चौथ्या दिवशी थोडी उघडीप मिळाली म्हणून बाया निंदायला गेल्या होत्या. शेजारच्या वावरात एकीला साप चावला. 108 ला फोन केला, तर रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन यवतमाळकडे निघालेली. वाट पाहायची म्हणजे दीड-दोन तास. सापाच्या विषापुढे तेवढा वेळ कुणाकडे असतो? मी गाडी काढली.

पुलावर कठडे नाहीत. दोन पोरं कमरेला दोर बांधून, हातात काठ्या घेऊन पुलाची कड चाचपत पुढे चालली आणि मी त्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये. पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर आलं तेव्हा दारांच्या फटीतून आत यायला लागलं, पायाला गार लागलं. मधोमध आल्यावर गाडीची मागची बाजू क्षणभर हलकी झाली, चाकं जमीन सोडतात की काय असं वाटलं. अॅक्सिलरेटरवरचा पाय मी ढिला केला नाही. पलीकडे निघालो. रुग्णालयाच्या वळणावर ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना, कारण ब्रेकमध्ये पाणी होतं. पुढचा तुकडा हळूहळू, ब्रेक दाबत-सोडत, ते सुकवत काढला. बाईला वेळेत इंजेक्शन मिळालं, तिसऱ्या दिवशी ती घरी आली. गाडीचं काही झालं असतं तरी मला त्या फेरीचा पस्तावा झाला नसता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पाण्याला ओढ असती तर मी गाडी घातली नसती. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी सरकते, दोन फुटांत मोठीही राहत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आमच्याच जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटीची बस वाहून गेली आणि माणसं गेली. बसएवढं धूड जिथे टिकत नाही तिथे आपल्या गाडीची काय कथा!

तर गाडी अंगणात उभी राहिली आणि माझी धास्ती सुरू झाली. तिला आणखी कारण घडलं. आमच्यानंतर दोन दिवसांनी, पाणी थोडं उतरल्यावर, गावातल्या एका तरुणानं त्याच पुलावर जोरात गाडी घातली. बोनेटपुढे पाण्याची लाट उठली आणि मधात गाडी बंद पडली. चौघांनी ढकलून बाहेर काढली, इथवर ठीक. मग त्यानं चावी फिरवून सेल्फ मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आतून ‘खट’ असा आवाज आला आणि इंजिन जाम झालं. तो आवाज मी दहा हातांवरून ऐकला आहे.

असं का होतं, ते मिस्त्रीनं मला समजावून सांगितलं. डिझेल इंजिनात पिस्टन वर येताना हवेला सोळा-सतरा पट दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. तेराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या गाडीत पिस्टन पूर्ण वर आला की एका सिलिंडरमध्ये जागा उरते जेमतेम वीस मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं. त्याहून जास्त पाणी हवेच्या नळीवाटे आत गेलं की पिस्टनला वर जायला वाटच राहत नाही. तरी सेल्फ जोर लावतच असतो, आणि मग वाकतो तो पिस्टनचा रॉड. गाडी नुसती बंद पडली तेव्हा बहुधा इंजिन वाचलेलं असतं. अनेकदा ते मरतं ते आपण चावी फिरवतो तेव्हा. मिस्त्रीचे शब्द असे: “काकाजी, पाण्यात बंद पडली का चावीले हात लावू नोका. बॅटरीचा तार काढा अन् टोचन करून आणा. मी इंजेक्टर खोलून पाणी काहाडतो, मंग पाहू.” हे वाक्य पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक पेट्रोल पंपावर लिहून लावायला पाहिजे.

माझी गाडी तर बंदही पडली नव्हती. तरी सकाळी चावी फिरवायची हिंमत झाली नाही. आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली. डिझेल गाडीचं ऑइल काळंच असतं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं असतं तर पाणी शिरलं म्हणून समजायचं. ते काळंच होतं. मग इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या एअर फिल्टरच्या डब्याच्या चिमट्या काढल्या. आतला कागद कोरडा. पण डब्याकडे येणाऱ्या नळीच्या तोंडात, आतल्या बाजूनं, गाळाची एक बारीक ओली रेघ होती. बोटानं पुसली तर नखात काळी माती आली. फिल्टरपासून ती रेघ चार बोटं दूर होती. त्या पोरांच्या पायाखाली एक खड्डा लागला असता, मला थोडा जास्त वेग द्यावा लागला असता, तर ती चार बोटं उरली नसती. मी बराच वेळ तो डबा हातात धरून उभा होतो.

इंजिन सुरू झालं, चांगलं चाललं. पण पाण्यातली गाडी आपलं दुखणं एका दिवसात सांगत नाही. वरचं कार्पेट कोरडं वाटतं, त्याखालचा नमदा पाणी धरून ठेवतो आणि तारांच्या जोडण्या नेमक्या त्याच्याखालून गेलेल्या असतात. झडीत ऊन कुठलं? सीटा खोलून नमदा बाजेवर पसरला, पंखा लावला, तरी चार दिवस लागले. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी सीटखालच्या पिवळ्या जोडणीला स्वतः हात लावू नये, ते काम मेकॅनिकचं. पंधरा दिवसांनी मागच्या डाव्या चाकातून घूं-घूं आवाज यायला लागला, बेअरिंगचं ग्रीस धुवून निघालं होतं. ते बदललं, सोबत गिअरचं ऑइलही बदलून घेतलं. अजूनही रात्री गाडी काढताना रेडिओ बंद ठेवतो आणि आवाज ऐकत चालवतो.

त्या तरुणाचं काय झालं ते सांगायला पाहिजे. त्याचा विमा पूर्ण होता, नुसता थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढंच भरून देणारा, नव्हे. पुराचं पाणी त्यात धरलेलं असतं, म्हणून तो निर्धास्त होता. विमा कंपनीकडून नुकसान पाहणारा सर्व्हेअर आला, त्यानं सीटा, तारा, सफाई मान्य केली आणि इंजिन नामंजूर केलं. पाणी शिरल्यावर सेल्फ मारल्यानं झालेलं नुकसान हे पुरानं झालेलं थेट नुकसान नाही, ते नंतर ओढवलेलं आहे, असं कारण दिलं. इंजिनासाठी वेगळं जादा कवच घ्यावं लागतं आणि ते त्यानं घेतलं नव्हतं, कारण असं काही असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वरून प्लास्टिक-रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापले गेले. पॉलिसीत हे सगळं लिहिलेलं आहे, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. इंजिनाच्या बिलात त्याच्या घरचा कापसाचा पैसा गेला.

त्या संध्याकाळी मी माझी पॉलिसी काढली. ती फक्त थर्ड पार्टीची निघाली. कायद्यानं सक्तीचा विमा तेवढाच, आणि जुनी गाडी घेताना मी तेवढाच भरला होता. म्हणजे त्या दिवशी पुलावर इंजिन गेलं असतं तर मला एक रुपयाही मिळाला नसता. खेड्यातल्या कितीतरी जुन्या गाड्यांची हीच गत असणार. आपल्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे, आज घरी गेल्यावर कपाटातला तो कागद काढून पाहा. आणि विमा विकणाऱ्यांना विनंती आहे की पैसे घेताना एवढं एक वाक्य मराठीत सांगा: पाण्यानं इंजिन गेलं तर या पॉलिसीत मिळेल की नाही?

पूल उंच व्हावा ही मागणी आमच्या गावाची जुनी आहे, ती मी इथे पुन्हा मांडत नाही. माझं मागणं लहान आहे. पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक सिमेंटचा खांब रोवावा आणि त्यावर पुलाच्या पृष्ठभागापासून मोजून फुटांच्या खुणा कराव्यात, पहिल्या फुटावर लाल पट्टा. पुलावर किती पाणी आहे हे आम्ही आज पोरांच्या गुडघ्यांवरून मोजतो. खांब असता तर त्या तरुणानं गाडी घातली नसती आणि दोन पोरांना दोर बांधून पाण्यात उतरावं लागलं नसतं. मी यासाठी संबंधित कार्यालयात दोनदा जाऊन आलो, लेखी अर्जही दिला. पुलाला हात लावायचा तर परवानगी पाहिजे असं सांगण्यात आलं. खांब, सिमेंट, रंग आणि मजुरी गाव करायला तयार आहे. पोळ्याच्या आत परवानगीचा कागद तेवढा मिळावा.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. मारेगाव, जि. यवतमाळ