पोट शिवून झाल्यानंतरच्या रात्रींविषयी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

तुटपुंज्या साधनांच्या सरकारी रुग्णालयात मी पोटाची ऑपरेशन्स करतो. आमच्यासारख्यांची मागणी ठरलेली असते : थिएटर द्या, दिवे द्या, यंत्रं द्या. तीही हवीतच. पण आज मागणं आहे ते ऑपरेशननंतर रुग्ण जिथे पडून असतो, त्या वॉर्डातल्या रात्रीसाठी.

आतडं फुटून पोटात पू झालेला एक तरुण आला होता. छिद्र शिवलं, पोट धुतलं, आणि बाहेर येऊन त्याच्या आईला सांगितलं, ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. नंतर केसपेपर उघडला. संध्याकाळी सहाला नाडी ११०. त्याखालची नोंद थेट सकाळी सहाची : नाडी १४८, बीपी लागत नाही. मधल्या बारा तासांचे रकाने कोरे. त्या रात्री चाळीस रुग्णांमागे एकच सिस्टर होती, आणि ती क्षणभरही बसली नव्हती. आई म्हणाली, "रात्रभर भराभर श्वास घेत होता हो. मला वाटलं, दुखत असेल."

त्या माउलीला दिसलं होतं. ते धोक्याचं लक्षण आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

आतड्याचा टाका सुटला किंवा संसर्ग रक्तात पसरला, तर बीपी कोसळण्याच्या बरंच आधी श्वास वाढतो, नाडी धावू लागते, लघवी कमी होते. त्या तासांत कुणी पाहिलं तर सलाईन, योग्य अँटिबायोटिक, गरज पडली तर पुन्हा पोट उघडणं, हे सगळं करता येतं. सकाळी राउंडला कळलं, तर बहुतेक वेळा हातात काही उरलेलं नसतं.

हे माझ्या एका वॉर्डापुरतं नाही. आफ्रिकेतल्या २५ देशांत ऑपरेशन झालेल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंपैकी सुमारे ९४ टक्के ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतरचे होते. 'तुमच्याकडे रुग्णच उशिरा येतात' असं आम्हाला ऐकवलं जातं. येतात, खरं आहे. पण पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनांचा ५८ देशांतला अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात रुग्णांच्या स्थितीतला फरक हिशेबात धरूनही गरीब देशांत तीस दिवसांतल्या मृत्यूचा धोका श्रीमंत देशांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. म्हणजे दोष सगळा रुग्णाच्या उशिराचा नाही.

जखम चिघळण्याचंही तसंच. श्रीमंत देशांत पचनसंस्थेच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या नऊ-दहा जणांची जखम पिकते, गरीब देशांत तेवीस जणांची. त्यावर एक साधा उपाय सात देशांत तपासला गेला : पोट शिवायला घेण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे, अवजारं नवी घ्यायची. संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ वर आला. मोठं यंत्र लागलं नाही. पण हातमोज्यांचा जादा जोड आणि निर्जंतुक अवजारांचा दुसरा संच कपाटात असावा लागतो, आणि आमच्याकडे अनेकदा तो नसतो.

म्हणून विनंती अशी. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या रुग्णांसाठी रात्रपाळीत वेगळी सिस्टर नेमा, तिच्याजवळ चालू स्थितीतला पल्स ऑक्सिमीटर असू द्या. दर चार तासांनी श्वास, नाडी, बीपी, लघवी यांची नोंद व्हावी, आणि आकडा बिघडला तर कुणाला उठवायचं ते नाव भिंतीवर लिहिलेलं असावं. उठवल्याबद्दल तिला बोलणी बसणार नाहीत, ही जबाबदारी आम्हा डॉक्टरांची. सोबतच्या नातेवाइकालाही पहिल्याच दिवशी सांगावं, काय दिसलं की हाक मारायची.

आणि आमची मोजणी बदला. दर महिन्याला किती ऑपरेशन्स झाली, एवढंच विचारलं जातं. तिसाव्या दिवशी त्यांतले किती जण जिवंत आहेत, हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही. डिस्चार्जनंतर घरी काय झालं हे कळायला एक फोन पुरतो, पण तो करायला माणूस नेमलेला नाही. हा आकडा प्रत्येक रुग्णालयाकडून मागवा. शिक्षेसाठी मागवलात तर तो लपवला जाईल. कुठे माणसं कमी आहेत हे ठरवण्यासाठी मागवा.

माझ्या वॉर्डाचे आकडे मी याच महिन्यापासून पाठवायला तयार आहे. ते चांगले नाहीत.

आपला विश्वासू,
सरकारी रुग्णालयातला एक सर्जन