पैसे उशिरा का आले

दुबई

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी मजेत आहे. आई, फोनवर आवाज बसलेला वाटला तो एसीमुळे. जेवण वेळेवर होतं. खोलीवर बाकी सगळं नेहमीचंच.

बाबा, पैसे आले नाहीत म्हणून दादाला बँकेत हेलपाटे घालायला लावलेत. पगार वेळेवर झाला होता, मीच रुपयाचा भाव बघत थांबलो होतो. इथला प्रकारच उफराटा आहे. रुपया घसरला की तिकडे बातम्यांत चिंता, इथे पैसे पाठवायच्या एक्स्चेंजच्या काउंटरपुढे रांग. इथला दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला, १ डॉलरला ३.६७. त्यामुळे डॉलर वधारला की तेवढ्याच पगाराचे तिकडे जास्त रुपये होतात. रात्री खोलीत जो तो मोबाइलवर भाव बघतो, आणि 'थांब रे, अजून पडेल' म्हणणारा एक तरी निघतोच. आपल्याच देशाचा पैसा पडायची वाट बघायची! आधी कसंतरी व्हायचं, आता होत नाही. काउंटरवरचा माणूस दर वेळी विचारतो, पैसे कशासाठी? मी म्हणतो, घरखर्च. झालं.

हुंडीने, म्हणजे बँकेबाहेर दलालाच्या हातून, पाठवत नाही, उगाच शंका नको. भाव बरा देतात, पण पावती नाही. बुडाले तर विचारायचं कोणाला?

दादा म्हणतो, तुम्हा लोकांवर देश चालतो. अगदीच खोटं नाही. २०२२ मध्ये बाहेरच्या माणसांनी घरी पाठवलेला असा १०० अब्ज डॉलरच्या वर पैसा आलेला भारत पहिलाच देश. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये त्यातला साधारण पाचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात आला, केरळपेक्षाही जास्त. बाहेरून माल आणायला लागणाऱ्या डॉलरची ओढाताण त्याने कमी होते. पण आपल्या घरी आला त्याचं काय झालं? कर्ज फिटलं, औषधं झाली, घराचा स्लॅब टाकून झाला. दादाच्या दुकानाला त्यातलं काही लागलं नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही, घर व्हायलाच हवं होतं.

आता धाकटीचं. मुलाकडच्यांना मोठं कार्यालय हवंय, घ्या. माझी एनआरई ठेव (परदेशात राहणाऱ्यांची तिकडच्या बँकेतली मुदत ठेव) वर्षाची व्हायला थोडे दिवस राहिलेत, आधी मोडली तर व्याजच मिळत नाही. म्हणून आगाऊ रक्कम सध्या दादाने भरावी, पुढच्या पगाराला देतो, या वेळी भाव न बघता. आई, माझ्या लग्नाचं तिचं झाल्यावर बघू, आणि मुलीकडच्यांना इतक्यात काही बोलू नकोस. रजेचा अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही. मुहूर्त मात्र माझ्यासाठी अडवू नका.

तुमचा,
बाळ्या